उपसर्ग : ग्रीक आणि आपले



आपल्या गावात इतिहासावर बोलायचे म्हटले की असीरगड, तापीकाठचा शाही किल्ला आणि फारुकी सुलतान आपोआप पुढे येतात. मी मात्र आज शब्दांच्या इतिहासावर बोलणार आहे, आणि त्यातही शब्दांच्या तोंडाशी बसणाऱ्या एकदोन अक्षरांच्या इतिहासावर. हायपर, हायपो, अँटी, टेली, मायक्रो, होमिओ ही ती अक्षरे. व्याकरणात त्यांना उपसर्ग म्हणतात. ती मूळची ग्रीक आहेत. दवाखान्यात, बाजारात, मोबाईलच्या दुकानात आपण ती दिवसभर ऐकतो आणि परक्याची म्हणून सोडून देतो. ती किती परकी आहेत आणि आपल्याकडे कोणकोणत्या वाटांनी आली, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी 'उपसर्ग' या शब्दाकडेच पाहू. शाळेत आपण बावीस उपसर्ग पाठ केले : प्र, परा, अप, सम्, अनु... आयुर्वेदात याच शब्दाचा अर्थ लागण किंवा जडलेला रोग असा होतो. संसर्गाने पसरणाऱ्या रोगांना सुश्रुत औपसर्गिक म्हणतो. आणि आम्हा जैनांच्या घरी उपसर्ग म्हणजे साधना करणाऱ्यावर बाहेरून कोसळलेले संकट. भगवान पार्श्वनाथांवर कमठाने केलेला उपसर्ग आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतो, आणि भद्रबाहूंच्या नावावर असलेले उपसर्गहर स्तोत्र आजही घरोघर म्हटले जाते. व्याकरण, वैद्यक आणि धर्म अशा तिन्ही ठिकाणी मूळ कल्पना एकच आहे : जे बाहेरून येऊन चिकटते आणि ज्याला चिकटते त्याची स्थिती पालटते. 'हार' या शब्दाला प्र चिकटला की मार बसतो, आ चिकटला की जेवण मिळते आणि वि चिकटला की फेरफटका घडतो.

आता प्रश्न असा की चिकटलेल्या या तुकड्याला स्वतःचा अर्थ असतो का? हा वाद फार जुना आहे. यास्काने निरुक्तात दोन मते नोंदवली आहेत. शाकटायन म्हणतो, सुटा उपसर्ग काही सांगत नाही. नामाला किंवा क्रियापदाला जोडला की तो त्याचा अर्थ उजळतो. गार्ग्य म्हणतो, तसे नाही, उपसर्गांना स्वतःचे निरनिराळे अर्थ आहेत. या दोघांना लक्षात ठेवा. शेवटी आपण त्यांना आपल्या भाजीबाजारात नेणार आहोत.

रक्ताचे नाते

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी एक व्याख्यान दिले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातले साम्य योगायोगाने आलेले असू शकत नाही, या तिन्ही भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे त्यांनी त्यात मांडले. पुढच्या शंभर वर्षांत भाषाशास्त्रज्ञांनी या मांडणीचे नियम बसवले. ते नियम उपसर्गांना लावले की मौज वाटते.

ग्रीकमध्ये नकार दाखवायला 'अ' लावतात आणि पुढे स्वर आला तर 'अन्' लावतात. आपल्याकडेही असेच आहे : अशुद्ध, पण अनंत. ॲटम म्हणजे अ-तोमोस, जो कापता येत नाही तो. जैन शास्त्रांनी परमाणूला अविभाज्य म्हटले त्याची येथे आठवण होते. ॲनिमिया म्हणजे अन् आणि हायमा, रक्त नसणे. ग्रीक 'पेरी' हा आपला परि, 'अपो' हा अप, 'प्रो' हा प्र, 'एपि' हा अपि आणि 'दुस्' हा आपला दुस्. डिस्पेप्सिया हा शब्द डॉक्टरांच्या कागदावर भयंकर दिसतो. त्यातला 'पेप' आपल्या पच् धातूचा सख्खा भाऊ आहे आणि 'दुस्' तर जसाच्या तसा आहे. म्हणजे डिस्पेप्सिया हे अक्षरशः दुष्पचन झाले.

काही नाती एका साध्या नियमाने उघडतात. शब्दाच्या आरंभी, पुढे स्वर असताना जेथे संस्कृतात 'स' आहे तेथे ग्रीकमध्ये 'ह' येतो. सप्त हे हेप्टा होते. अर्धा या अर्थाचा वैदिक 'सामि' हा हेमी होतो. 'सम' हा होमॉस होतो. फारसीतही, वेगळ्या वाटेने का होईना, हेच घडले. म्हणून सप्ताहाचा हप्ता झाला आणि सिंधूचा हिंदू. गुजरातेत बोलताना 'सारू'चे 'हारू' करणारी माणसे आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली आहेत. त्यामुळे हा नियम समजायला पुस्तक उघडण्याचीही गरज नाही.

या नियमाचे सर्वांत सुंदर फळ माझ्याच व्यवसायाच्या नावात आहे. होमिओपॅथी हा शब्द सॅम्युएल हानेमान यांनी घडवला. ते १७५५ मध्ये जर्मनीत माइसेन येथे जन्मले आणि १८४३ मध्ये पॅरिसला वारले. १८१० मध्ये त्यांचा 'ऑर्गॅनन' प्रसिद्ध झाला. ग्रीक होमॉइऑस म्हणजे सारखा. तो 'सम'च्या भावंडातून, होमॉसमधून निघाला. पॅथॉस म्हणजे सोसणे, पीडा. समोरच्या प्रचलित वैद्यकाला त्यांनी ॲलोपॅथी हे नाव दिले. ॲलॉस म्हणजे दुसरा, निराळा. एका उपसर्गाने स्वतःचा पंथ सांगितला आणि दुसऱ्याने प्रतिपक्षाला नाव चिकटवले. आज ॲलोपॅथी हे नाव आपल्याकडे कोणाला खटकत नाही, पण ते मुळात विरोधकाने दिलेले आहे.

फारसीत 'सम'चा 'हम' होतो. हम आणि दर्द मिळून हमदर्द. दिल्लीला १९०६ मध्ये हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी आपल्या युनानी दवाखान्याला हेच नाव दिले. आता तीन शब्द शेजारी ठेवा : मराठीतला समदुःखी, फारसीतला हमदर्द आणि ग्रीकवरून घडलेला होमिओपॅथ. तिघांचे अर्थ व्यवहारात वेगळे झाले, पण बांधणी एकच आहे आणि पहिला तुकडा तर एकाच घराण्यातला आहे. ज्या गावात वैद्य, हकीम आणि डॉक्टर अशा तिघांच्या पाट्या दिसतात, तेथे हे नाते ठाऊक असायला हवे.

अर्धशिशीचेही तसेच. हेमी म्हणजे अर्धे, क्रानिऑन म्हणजे कवटी. हेमिक्रानियाचा पहिला तुकडा फ्रेंचांच्या तोंडी झिजून गेला आणि मायग्रेन उरले. क्रानिऑन आणि शिरस् हेही एकाच कुळातले. म्हणजे आजीची अर्धशिशी, हिंदी शेजारणीची आधासीसी आणि सुनेचे मायग्रेन हे नावाने तरी एकच दुखणे आहे.

पाहुणे म्हणून आलेले

सगळे साम्य रक्ताचे नसते. काही शब्द खरोखरच पाहुणे म्हणून आले आणि इतके रुळले की ते पाहुणे होते हेच आपण विसरलो.

अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक हे नाव येते. हा सीरियाचा ग्रीक राजा अँटिओकस. आपल्याच मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगरला हेलिओडोरसचा गरुडस्तंभ उभा आहे. तक्षशिलेच्या अंतलिकित राजाचा हा ग्रीक वकील स्वतःला भागवत म्हणवतो. अंतलिकित म्हणजे अँटिआल्किडास. दोन्ही राजांच्या नावांचा आरंभ 'अँटी'ने होतो. तेव्हा हा उपसर्ग आपल्या देशात इंग्रजी औषधांच्या बाटलीवरून प्रथम आला असे कोणी समजू नये. इसवी सनापूर्वीच तो ब्राह्मी लिपीत, प्राकृत उच्चारात, दगडावर कोरला गेला होता. संस्कृतातही त्याचे भावंड आहे : अंति, म्हणजे समोर, जवळ. ग्रीकांनी समोरच्याला विरोधक मानले, आपण त्याला जवळचा मानले.

दुसरी वाट ज्योतिषाची. सहाव्या शतकातला वराहमिहिर उज्जैनचा. यवन म्लेच्छ असले तरी या शास्त्रात पारंगत असल्यामुळे ते ऋषींसारखे पूज्य ठरतात, असे तो मोकळेपणाने सांगतो. त्याच्या ग्रंथांत ग्रीक शब्द भरपूर आहेत. होरा हा ग्रीक आहे. इंग्रजी अवर त्याचाच. 'माझा होरा खरा ठरला' असे आपण म्हणतो तेव्हा ग्रीकच बोलत असतो. कुंडलीतली केंद्रस्थाने केंट्रॉनवरून आली. त्यांच्या पुढची पणफर ही एपानाफोरावरून आणि त्यापुढची आपोक्लिम ही अपोक्लिमावरून. यांत 'एपि', 'आना' आणि 'अपो' हे तीन ग्रीक उपसर्ग आहेत. सप्तम स्थानाला जामित्र म्हणतात. ज्या घरात लग्नाची बोलणी झाली आहेत त्या घरात हा शब्द कानावर आलेला असतो. त्यात 'मित्र' दिसतो, म्हणून तो शुद्ध संस्कृत वाटतो. प्रत्यक्षात तो डायामेट्रॉस आहे. डाया म्हणजे आरपार, मेट्रॉन म्हणजे माप. लग्नस्थानाच्या अगदी समोरचे, वर्तुळाच्या व्यासाच्या दुसऱ्या टोकाचे स्थान ते जामित्र. भूमितीच्या इंग्रजी पुस्तकातला डायमीटर आणि गुरुजींच्या पत्रिकेतले जामित्र हा एकच शब्द आहे.

याचा आपल्या गावाशीही संबंध आहे. जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत लेख आहे. फारुकी आदिलशाहाने मशीद बांधली तेव्हाचा, म्हणजे विक्रम संवत १६४६, शके १५११, इसवी सन १५९०. तिथी, नक्षत्र, योग आणि करण देऊन शेवटी कन्या लग्नाचा उल्लेख त्यात येतो. जन्माच्या किंवा कार्यारंभाच्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास पाहण्याची ही रीत ग्रीकांकडून आली. हॉरॉस्कोप हा शब्द आधी त्या उगवत्या राशीलाच होता. सुलतान मुसलमान, भाषा संस्कृत, मोजण्याची रीत मुळात यवनांची आणि गाव तापीकाठचे. बऱ्हाणपूरचे याहून खरे चित्र दुसरे मला ठाऊक नाही.

तेव्हा आतापर्यंतचा हिशेब असा. डिस्पेप्सिया परका वाटतो आणि निघतो घरचा. जामित्र घरचे वाटते आणि निघते परके. शब्दाची जात नुसती कानाने ठरत नाही. याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. नुसते सारखे दिसते म्हणून नाते जोडू नये. होमिओपॅथीतला 'होमि' यज्ञातला होम नव्हे, आणि घर या अर्थाचा इंग्रजी होमही नव्हे. 'घरगुती औषध म्हणून होमपॅथी' असे समजणारे रुग्ण मला चाळीसेक वर्षांत भेटत आले आहेत. नियम बसला पाहिजे, आणि तो एका शब्दाला बसून भागत नाही, अनेकांना बसला पाहिजे.

भाषांतराचे शतक

१६११ मध्ये रोमला गॅलिलिओच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. तेथे डेमिसियानी नावाच्या ग्रीक पंडिताने त्याच्या नळीला टेलिस्कोप हे नाव दिले. टेले म्हणजे दूर, स्कोपेइन म्हणजे पाहणे. फारसीने तिला दूरबीन म्हटले. दूर आणि बीन, म्हणजे पाहणारी. मराठीने तिची दुर्बीण केली. फारसी दूर आणि संस्कृत दूर हा एकच शब्द असल्यामुळे आपल्याला भाषांतर झाल्याचे कळलेदेखील नाही. सूक्ष्मदर्शकाला उर्दूत खुर्दबीन म्हणतात, तेही त्याच साच्यातले. पुढे टेलिफोनचा दूरध्वनी झाला. हा शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या नावावर सांगितला जातो. टेलिव्हिजनचे दूरदर्शन झाले. इंग्रजी टेलिव्हिजन अर्धा ग्रीक आणि अर्धा लॅटिन, आपले दूरदर्शन मात्र आतून बाहेरून एकजिनसी. या एका उपसर्गापुरते भाषांतर मुळापेक्षा सरस झाले, असे मी म्हणेन.

या कामाचे मोठे केंद्र आपल्या जवळच होते. १९५६ पर्यंत बऱ्हाणपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर, आणि प्रांत हिंदी-मराठी अशा दोन भाषांचा. तेथे डॉ. रघुवीर यांनी परिभाषेचा प्रचंड उद्योग मांडला. त्यांचा हिशेब असा : संस्कृतात ५२० धातू, २० उपसर्ग आणि ८० प्रत्यय आहेत, त्यांच्या जुळणीतून लाखो शब्द निघू शकतात. पाश्चात्त्य शब्दाचा एकेक तुकडा सोडवायचा, त्याच्यासाठी संस्कृतातला तुकडा ठरवायचा आणि पुन्हा जोडायचे. त्यांची पुष्कळ थट्टा झाली. त्यांनी न घडवलेले लोहपथगामिनीसारखे विनोदी शब्दही लोकांनी त्यांना चिकटवले. तरीही त्यांची मूळ दृष्टी खरी होती. ग्रीक जसे युरोपच्या विज्ञानाला तुकडे पुरवते तसे संस्कृत आपल्याला पुरवू शकते, कारण दोघींची यंत्रणा एक आहे.

अडचण कोठे आली? उपसर्ग यंत्रासारखा वागत नाही. एकच अँटी घ्या. अँटिबायोटिकला आपण प्रतिजैविक म्हटले, अँटिसेप्टिकला जंतुनाशक म्हटले, पण विषावरच्या अँटिडोटला मराठीत उतारा हा जुना, देखणा शब्द आधीपासून होता. तेथे 'प्रति' लावायची गरजच नव्हती. एपिडेमिक म्हणजे एपि आणि डेमॉस, लोकांवर आलेले. मराठीने त्याला नुसते 'साथ' म्हटले. दोन अक्षरांत भागले. जेथे बोलीत शब्द आहे तेथे तो वापरावा, जेथे नाही तेथे घडवावा, आणि जेथे परका शब्द आधीच लोकांच्या तोंडी बसला आहे तेथे त्याचा अर्थ समजावून द्यावा. यातला तिसरा मार्ग आपण फारसा चोखाळला नाही.

बाजारातला गार्ग्य

आता भाजीबाजारात जाऊ. 'दोन किलो वांगी द्या.' किलो हा ग्रीक खिलिओईवरून फ्रेंचांनी घेतलेला उपसर्ग आहे, अर्थ हजार. आपल्या सहस्रातल्या 'हस्र'शी त्याचे नाते सांगतात. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये दशमान पद्धतीचा कायदा झाला तेव्हा मोठ्या मापांना ग्रीक उपसर्ग दिले आणि लहान मापांना लॅटिन. भारतात १९५६ चा कायदा झाला, १९५८ पासून नवी वजने येऊ लागली आणि १९६२ मध्ये सक्तीची झाली. शेर आणि मण गेले. ग्रॅम हा शब्द मात्र लोकांनी मागे टाकला आणि नुसता उपसर्ग घरी आणला. 'दोन हजार वांगी द्या' असा त्याचा शब्दार्थ, पण भाजीवाली बरोबर तेवढीच तोलते. आपल्याकडे ऑटो म्हणतात, पुण्याला रिक्षा म्हणतात. एकाच शब्दाचे दोन तुकडे दोन राज्यांनी वाटून घेतले. आपल्या वाट्याला 'स्वतः' या अर्थाचा ग्रीक उपसर्ग आला आणि त्यांच्या वाट्याला जपानी शब्द. मेट्रो, फोटो, मायक्रो सगळे असेच सुटे फिरतात. शाकटायन आज आला असता तर चकित झाला असता. बाजाराने गार्ग्याच्या बाजूने निकाल दिला आहे.

पण बाजारात चालते ते दवाखान्यात नेहमी चालत नाही. येथे मला जरा गंभीरपणे बोलायचे आहे. रुग्ण सांगतात, 'डॉक्टरसाहेब, याला हायपो आहे', 'हिला हायपर आहे'. कशाचे हायपो आणि कशाचे हायपर, ते सांगता येत नाही. थायरॉईड, रक्तदाब आणि साखर, तिन्हींना हे दोन उपसर्ग लागतात आणि अर्थ नेमके उलटे होतात. मधुमेहाच्या रुग्णाची साखर खाली गेली, हायपो झाले, तर घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे गोंधळते; तो शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखर द्यावी लागते. साखर वर गेली, हायपर झाले, तर तीच साखर घातक. एका अक्षराचा फरक आहे आणि मध्ये माणसाचा जीव आहे. अशा वेळी 'साखरेच्या रुग्णाला साखर कशी द्यायची' म्हणून घरातले सगळे नुसते उभे राहिलेले मी पाहिले आहेत. फोनवर डॉक्टर काय बोलले ते त्यांनी ऐकले होते. उपसर्ग मात्र कोणालाच कळला नव्हता.

आणि तो कळणे अवघड नाही, कारण तो आपलाच आहे. ग्रीक हुपो म्हणजे संस्कृत उप. उपाध्यक्ष अध्यक्षाच्या खाली असतो, तसे हायपो म्हणजे खाली. ग्रीक हुपेर म्हणजे संस्कृत उपरि. त्या उपरिचे आमच्या आगमांच्या प्राकृतात उवरि झाले आणि उवरिचे मराठीत झाले 'वर'. माळ्यावर, डोक्यावर, तापीच्या पुलावर जो 'वर' आपण रोज म्हणतो तो आणि इंग्रजी औषधाच्या कागदावरचा हायपर, हे एकाच आईचे दोन मुलगे आहेत. एक ग्रीसमार्गे दवाखान्यात आला, दुसरा प्राकृताच्या वाटेने आपल्या स्वयंपाकघरात आला. हायपर म्हणजे वर, हायपो म्हणजे उप. घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही हे एकदा सांगून लक्षात राहते.

आपली नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, रस्त्यावर हिंदी बोलतात आणि मराठी फक्त आजीआजोबांशी बोलतात. मराठी पुढे काय कामाची, असे त्यांच्यापैकी कोणी विचारले तर माझे उत्तर भावनेचे नसते. ज्याला उप, परि, दुस्, सम आणि वर येतात त्याच्यासाठी विज्ञानाच्या अर्ध्या परिभाषेचे दार आधीच उघडे आहे. फक्त ते दार आपल्याच घराला आहे हे त्याला कोणीतरी दाखवले पाहिजे. नातवंडांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातले दहा शब्द घ्या, त्यांच्यासोबत बसा आणि पहिला तुकडा सोडवून दाखवा. एक सुटीचा दिवस पुरेल. मंडळाने उन्हाळ्याच्या सुटीत असा एखादा वर्ग घेतला तर दवाखाना सांभाळून मी शिकवायला येईन.